पॉलिटिकल सायन्सवाली

माझा मावसभाऊ केमिस्ट्रीत बी.एस्सी. करतो. घरी आलेले पाहुणे त्याला विचारतात, "काय रे, कसं चाललंय?" तो म्हणतो, "ऑरगॅनिक चालू आहे." पाहुणे मान डोलावतात आणि पोह्यांकडे वळतात. आजवर एकाही पाहुण्याने त्याला बेंझिनबद्दल स्वतःचं मत ऐकवलेलं नाही. मी मात्र "राज्यशास्त्र" एवढं म्हणायचा अवकाश, समोरचा माणूस चमचा बशीत ठेवतो, खुर्ची पुढे ओढतो आणि म्हणतो, "बरं झालं भेटलीस. आता मला एक सांग..." या वाक्यावर जाऊ नका. त्याला काहीही विचारायचं नसतं. पुढची वीस मिनिटं तोच सांगतो आणि शेवटी विचारतो, "मग तुम्हांला शिकवतात तरी काय?"

राजकारण कळत नाही असं कबूल करणारा मला एकच माणूस माहीत आहे, तो म्हणजे आमचे सर. वर्गात कुठलाही प्रश्न विचारा, ते चष्मा पुसतात आणि म्हणतात, "हा जरा गुंतागुंतीचा विषय आहे." इतकी वर्षं शिकवूनही बिचाऱ्यांचं नक्की ठरलेलं नाही. कॉलेजच्या फाटकाबाहेरच्या कचोरीवाल्या भियाचं मात्र पहिल्या दिवसापासून ठरलेलं आहे, आणि तो प्लेटमध्ये चटणी ओतता ओतता ते सांगतो. फीसुद्धा घेत नाही.

त्यानंतर करिअरचा प्रश्न. इंदूरात बी.ए. करणारी मुलगी एकतर भंवरकुआंला जाते नाहीतर बोहल्यावर, अशी आमच्या नातेवाइकांची पक्की समजूत आहे. भंवरकुआंला पीएससीच्या क्लासेसची इतकी गर्दी आहे की नुसतं सिग्नलला थांबलं तरी दोन-तीन जाहिरातींची कागदं हातात येतात. त्यातून राज्य लोकसेवा आयोगाचं ऑफिस भोपाळला नाही, आमच्याच गावात, रेसिडेन्सी भागात. त्यामुळे कलेक्टरकी ही सिटी बसने जाऊन संध्याकाळपर्यंत आणता येते असं सगळ्यांना वाटतं. "मग कलेक्टर कधी होऊन राहिलीस?" असं आत्याचे यजमान प्रत्येक लग्नात विचारतात. राज्याच्या पीएससीतून डेप्युटी कलेक्टर होता येतं, कलेक्टरकीसाठी दिल्लीची यूपीएससी, असं मी एकदा समजावून सांगितलं. ते आत्याला म्हणाले, "हिच्यात जिद्दच नाही."

आजीला कलेक्टर नको आहे. तिला ताई हव्यात. इंदूरच्या मराठी घरात "ताई" म्हटलं की आडनाव विचारायची पद्धत नाही. चिपळूणची मुलगी लग्न होऊन इंदुरात आली, 1989 साली पहिल्याच लोकसभा निवडणुकीत माजी मुख्यमंत्री प्रकाशचंद्र सेठींना हरवलं, 2014 पर्यंत सलग 8 वेळा निवडून गेली आणि लोकसभेची अध्यक्ष झाली. सुमित्राताईंचा हा आलेख आजी मला रोज दूध देताना ऐकवते. "आणि तू! कॉलनीच्या मीटिंगमध्ये उठून उभी राहत नाहीस." मी म्हणते, आजी, राज्यशास्त्र शिकणं वेगळं आणि राजकारण करणं वेगळं. ती म्हणते, "मग स्वयंपाक शिकायचा आणि जेवायचं नाही, असंच ना?" या युक्तिवादाला आमच्या पुस्तकात उत्तर नाही. मी पाहिलं.

शिकवतात काय, तर बरंच. प्लेटोचा तत्त्वज्ञ राजा, ज्याला ना घर ना संसार ना मालमत्ता, हे ऐकून मागच्या बाकावरची मैत्रीण म्हणाली, "म्हणजे पीएससीची तयारी करणारा." मग अ‍ॅरिस्टॉटल. त्याने म्हणे 158 राज्यघटना जमवून अभ्यासल्या. आम्हांला एकच आहे, पण तीच 395 कलमांपासून सुरू झालेली. आणि परीक्षा ऐन उन्हाळ्यात, जेव्हा पंखा गरम हवा इकडून तिकडे करतो आणि 352, 356, 360 ही तीन आणीबाणीची कलमं घामाने एकमेकांत मिसळतात. मग कौटिल्याची सात अंगं: स्वामी, अमात्य, जनपद, दुर्ग, कोश, दंड, मित्र. मला पेपरात नेहमी सहाच आठवतात आणि हुकमी विसरतो तो मित्र.

सार्वभौमत्वाचा धडा मात्र मला पहिल्याच वाचनात कळला. ऑस्टिन म्हणतो, सार्वभौम सत्तेचे तुकडे पडत नाहीत. इंदूरकराला हे पटायला जड जातं. 1818 साली मंदसौरचा तह झाला, होळकर राजवाड्यात राहिले आणि इंग्रजांचा रेसिडेंट, म्हणजे दरबारावर नजर ठेवणारा अधिकारी, गावाबाहेर रेसिडेन्सीत येऊन बसला. आता सार्वभौम कोण? वर्गात यावर वाद झाला. मला त्याची गरज नव्हती, कारण आमच्या घरात गादी आजोबांची आहे आणि रेसिडेन्सी आजीची. सह्या आजोबा करतात. तह आजी करते. आजोबांना मुजरे, तोफांच्या सलाम्या, पहिला चहा असं सगळं मिळतं, फक्त टीव्हीचा रिमोट मागायला अर्ज करावा लागतो.

या सगळ्यात एक विषय असा आहे की ज्याने माझी घरात थोडी तरी इज्जत ठेवली. मध्य प्रदेशात 2021 पासून नवं शैक्षणिक धोरण पदवीला लागू झालं. मेजर, मायनर, आणि वर एक व्यावसायिक विषय. मला व्यावसायिक विषय मिळाला जैविक शेती. म्हणजे सकाळी रूसोची सामूहिक इच्छा आणि दुपारी गांडूळखत. माझं अभ्यासाचं रजिस्टर उघडलं तर एका पानावर माँटेस्क्यूचं सत्ताविभाजन आहे आणि त्याच्या मागच्या पानावर ओला कचरा वेगळा करण्याची आकृती. पण चमत्कार बघा. रूसोबद्दल मी तोंड उघडलं की काका मला मध्येच तोडतात. गांडुळांबद्दल बोलायला लागले की सगळं घर गप्प बसून ऐकतं. "अच्छा? शेण ताजं नको?" असं बाबा विचारतात, आणि उत्तर मिळेपर्यंत चक्क थांबतात.

2024 च्या उन्हाळ्यात मी पहिल्या वर्षाला होते. लोकसभेची निवडणूक होती. अर्ज मागे घ्यायच्या शेवटच्या दिवशी, 29 एप्रिलला, इंदूरच्या काँग्रेस उमेदवाराने अर्ज मागे घेतला, आणि त्या संध्याकाळपासून आमच्या घराची बेल थांबेना. असं करता येतं का? येतं. असं करावं का? हा जरा गुंतागुंतीचा विषय आहे. (सर, तेव्हा मला तुमची किंमत कळली.) मग सुरत आणि इंदूर यांतला फरक कॉलनीतल्या प्रत्येक घरी जाऊन सांगायची पाळी आली. त्याच निवडणुकीत सुरतला बाकी सगळेच बाजूला झाले, रिंगणात एकच माणूस उरला, तेव्हा मतदानच नाही. निवडणूक अधिकारी त्याला सरळ विजयी जाहीर करतो. इंदूरला बाकीचे उमेदवार होते, म्हणून मतदान झालं आणि मतदान झालं म्हणून नोटाचं बटणही राहिलं. निकाल लागला तो असा: भाजपचे शंकर लालवानी 11 लाखांहून जास्त मतांनी निवडून आले, आणि 2,18,674 मतं घेऊन दुसऱ्या क्रमांकावर आलं "वरीलपैकी कोणी नाही".

देशात नोटाला इतकी मतं त्याआधी कुठेच पडली नव्हती. स्वच्छतेत पहिला नंबर घ्यायची सवय लागलेल्या गावाने हाही नंबर आपल्या खात्यात लावला आणि लोक विचारू लागले, नोटाला जास्त मतं पडली असती तर? काहीही झालं नसतं. 2013 मध्ये सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर नोटा आला, त्याच वर्षी आपल्या विधानसभेला तो पहिल्यांदा वापरला, पण नोटा पहिला आला तरी माणसांमध्ये जो पहिला, तोच आमदार-खासदार. हे मी सांगितल्यावर दोन नंबरच्या ब्लॉकमधले काका इतके संतापले की जणू तो नियम मीच केला होता. "मग बटण कशाला ठेवलंय?" मी पहिल्या वर्षाची विद्यार्थिनी. मला काय माहीत, कशाला ठेवलंय!

हे सगळं एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडता आलं असतं. पण गेल्या वर्षी गणपतीच्या आधी आमच्या कॉलनीच्या मंडळात अध्यक्षपदावरून वाजलं. इतकी वर्षं अध्यक्ष चहा पिता पिता ठरायचा. त्या वर्षी दोघे उभे राहिले: दोन नंबरच्या ब्लॉकमधले तेच काका आणि खजिनदार काका. आता निवडणूक घ्यायची तर अधिकारी कोण? सगळ्या माना आमच्या गॅलरीकडे वळल्या. "ती पॉलिटिकल सायन्सवाली आहे ना!"

मी आधी मंडळाची घटना मागितली. एक लाल रजिस्टर निघालं, पहिल्या पानावर हळदीकुंकू. देशाची घटना करायला 2 वर्षं, 11 महिने आणि 18 दिवस लागले, आणि मसुदा समितीचे अध्यक्ष जन्मले ते इथून जवळच, महूला. आमच्या मंडळाची घटना एका दुपारी झाली असावी, कारण कलम तीनवर चहाच्या कपाचा गोल आहे आणि कलम चार त्या गोलाखाली आहे. मतदार कोण, हे बहुतेक कलम चारमध्ये असावं.

मग ठरवलं, घरटी एक मत. लगेच बायकांनी विचारलं, घरटी एक म्हणजे कोणाचं? त्या प्रश्नावर मी शहाणपणाने घरटी दोन केली. आचारसंहिता लावली. त्याच संध्याकाळी खजिनदार काकांनी सर्वांना पोहे-जिलबी दिली. वर बारीक शेव, कांदा, जिरावण, लिंबू, कशातही कसूर नाही. मी हरकत घेतली. ते म्हणाले, "2024 ला मत देऊन आलेल्यांना छप्पन दुकानवर पोहे-जिलबी फुकट होतीच की!" मी म्हटलं, काका, ते मत दिल्याबद्दल होतं, तुम्हांला दिल्याबद्दल नव्हतं. तोवर माझ्या हातातही बशी आली होती, त्यामुळे आवाजाला धार आली नाही.

आणि मतदानाच्या आदल्या रात्री दोन नंबरच्या काकांनी अर्ज मागे घेतला. काकू म्हणाल्या, "घरचा नळ तीन महिने टपकतोय, आधी तो बघा." कारण वैध होतं. मी जाहीर केलं, एकच उमेदवार, म्हणून बिनविरोध. सुरतचा दाखला दिला. कोणी ऐकेना. मंडप सजला होता, पेटीला झेंडूची माळ घातली होती, साबुदाणे भिजत पडले होते. "मतदान झालंच पाहिजे आणि नोटाही पाहिजे!" असं सर्वांत मोठ्याने कोण ओरडलं, तर दोन नंबरचे काका.

मतदान झालं. शाई म्हैसूरहून मागवणं शक्य नव्हतं, म्हणून डाव्या तर्जनीला मैत्रिणीचं जांभळं नेलपॉलिश लावलं. आजोबांनी ते वाळेपर्यंत फुंकर घातली आणि उरलेल्या चार बोटांनाही लावून मागितलं. मोजणीत नोटाला खजिनदार काकांपेक्षा 4 मतं जास्त निघाली.

मंडपात जे झालं त्याचं वर्णन हॉब्जने केलेलं आहे, राज्यसंस्था नसते तेव्हाच्या प्रकरणात: प्रत्येकाचं प्रत्येकाशी युद्ध. पुण्याहून आत्या व्हिडिओ कॉलवर आल्या: "आमच्या महाराष्ट्रात 2018 पासून पालिकेच्या निवडणुकीत नोटा पहिला आला तर परत निवडणूक होते!" आजीने फोन स्वतःकडे घेतला आणि म्हणाली, "तुमच्या महाराष्ट्रात बारीक शेव मिळते का?" विषय संपला. मी नियमाप्रमाणे खजिनदार काकांना विजयी घोषित केलं. मग नोटाच्या मतदारांनी निवेदन दिलं, की सर्वाधिक मतं लक्षात घेता नोटाला निदान उपाध्यक्षपद तरी द्यावं. ते निवेदन लाल रजिस्टरला टाचणीने लावलेलं आहे. सध्या उपाध्यक्षाची खुर्ची रिकामी ठेवतात आणि आरतीनंतर तिच्यावर प्रसादाचं ताट ठेवतात.

नव्या अध्यक्षांनी पहिल्याच बैठकीत विचारलं, यंदा निर्माल्याचं काय करायचं? मी म्हटलं, खत करू, कॉलनीच्या बागेच्या कोपऱ्यात खड्डा घेऊ, फुलं दोन दिवस सुकवू, दोरे आणि प्लास्टिक आधी काढून टाकू. मंडपात शांतता पसरली. दोन नंबरच्या काकांनी चष्मा लावून वहीत लिहून घेतलं, "दोरे आधी." ठराव एकमताने मंजूर झाला.