घरातली थर्ड पार्टी

बेळगावच्या शहापुरातलं आमचं घर जुनं, अंगण एवढंसं. गाडी बाहेर काढायची तर आधी बाबांची आरामखुर्ची, मग तुळशीची कुंडी, मग बायकोची स्कूटर हलवायची. त्या सकाळी मी दोनच हलवल्या.

रिव्हर्समध्ये धाडकन आवाज झाला. स्कूटरचा हेडलाइट फुटला आणि ती आडवी जाऊन कंपाउंडचे चार चिरे घेऊन पडली. माझा बंपर जबडा निखळल्यासारखा लोंबायला लागला. बाबा म्हणाले, "मागं बघून येऊलालास की नुसताच येऊलालास?"

विम्याच्या एजंटला फोन लावला, तोही स्पीकरवर. चूक तिथंच झाली.

"स्कूटरचा फक्त थर्ड पार्टी आहे ओ, त्यातून तिला स्वतःला काय मिळत नाही. पण ती वहिनींच्या नावावर, गाडी तुमच्या. म्हणजे वहिनी थर्ड पार्टी, तुमच्या गाडीनं नुकसान झालेला तिसरा माणूस! तुमच्या नावावर असती तर तेही नाही. पोलिसांत नोंद करा, मग वहिनींनी मोटार अपघात न्यायाधिकरणात तुमच्यावर दावा लावायचा, भरपाई तुमच्या गाडीच्या विम्यातून."

स्वयंपाकघरातला मिक्सर थांबला. लग्नाला बावीस वर्षं झाली, पण तिच्या चेहऱ्यावर इतकं तेज मी पाहिलं नव्हतं.

"घर बाबांच्या नावावर ना?" एजंट पुढं म्हणाला. "मग भिंतीसाठी बाबापण दावा लावू शकतात. मालमत्तेला साडेसात लाखांपर्यंत कव्हर आहे."

"साडेसात?" बाबा खुर्चीत ताठ झाले. "मग जरा जिन्यावर पण घाल की!"

दावा म्हटलं की आम्हा सीमाभागातल्या माणसांच्या पोटात गोळा येतो. सीमेचा दावा 2004 साली सुप्रीम कोर्टात गेलाय, तो अजून तिथंच आहे. अंगणाचा कधी लागणार?

राहिला बंपर. नवा सहा हजारांचा. प्लास्टिक म्हणून निम्मे कापणार, वर सक्तीचे हजार माझ्या खिशातून. हातात पडणार दोन हजार, आणि त्यापायी पाच वर्षं जपलेला पन्नास टक्क्यांचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याची हप्त्यातली सूट, जाणार. झिरो डेपचं जादा कव्हर घेतलं असतं तर निम्मे कापले नसते, पण ते पैसे मीच हुशारीनं वाचवले होते.

शेवटी कोर्टाबाहेर तडजोड झाली. गवंडी, हेडलाइट आणि बंपर माझ्याकडे. वर नुकसानभरपाई म्हणून अर्धा किलो कुंदा. माझ्या वाट्याला आला डब्याच्या कडेला चिकटलेला, तोही चमच्यानं खरवडून.

बाबांची खुर्ची आता रोज सकाळी बरोबर गाडीच्या मागं असते. सरका म्हटलं की पेपरामागून आवाज येतो, "मी थर्ड पार्टी हाय."