रस नाही, हे पटलं नाही

गोव्यातील बायकांना राजकारणात रसच नाही, म्हणून २०२२ मध्ये ४० पैकी तिघीच आमदार झाल्या, हा मी वाचलेल्या एका लेखातला निष्कर्ष चुकीचा आहे. त्या तिघींचे पतीही त्याच निवडणुकीत आमदार झाले, ही गोष्ट लेखात यायलाच हवी होती. तिघींच्या कामाला मी नावं ठेवत नाही. पण घरात राजकारण नसलेल्या बाईला पक्ष तिकीट देतात का, हा खरा प्रश्न आहे. शशिकलाताई काकोडकर १९७३ ते १९७९ गोव्याच्या मुख्यमंत्री होत्या, त्यासुद्धा पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांच्या कन्या. त्यांच्यानंतर त्या खुर्चीवर एकही बाई बसलेली नाही.

मी फोंडा तालुक्यातल्या एका गावात पाच वर्षं पंच, म्हणजे ग्रामपंचायत सदस्य, होते, महिला राखीव प्रभागातून. पहिल्या ग्रामसभेला लोक प्रश्न माझ्या नवऱ्याला विचारत होते. दोन वर्षांनी तेच लोक नळाला पाणी नाही म्हणून सकाळी सहाला माझं दार वाजवू लागले. घरपट्टी, बांधकाम परवाने, गटारं, सगळं शिकले. मग पुढच्या निवडणुकीत आरक्षण दुसऱ्या प्रभागात गेलं आणि आमचा प्रभाग खुला झाला. तेव्हा ज्यांच्यासाठी मी धावले होते त्यांनीच सांगितलं, "वहिनी, आता पुरुषाला उभं राहू दे." पॅनलनेही नाव वगळलं. माझा रस संपला नव्हता. आजही ग्रामसभेला जाते आणि अंदाजपत्रकाची प्रत मागून घेते.