हिला श्वास कुठंय?

जपानी शिकायला लागून तिसरं वर्ष होतं. वाचायला जमायचं, कांजींशी, म्हणजे तिकडच्या चिनी चित्राक्षरांशी, भांडण मिटत आलं होतं, पण ऐकण्याच्या पेपरात कान दगा द्यायचे. पुण्यात जपानी शिकणाऱ्या कुणालाही विचारा, हेच रडगाणं ऐकाल. क्लासमधल्या एकीनं लिंक पाठवली, म्हणाली, "हे ऐक, अक्षर न् अक्षर सुटं कळतं." गाण्याचं नाव 'मेल्ट'. खरं सांगते, अर्ध्यातच बंद केलं. लिफ्टमध्ये मजले सांगणाऱ्या बाईला कुणीतरी गायला बसवलंय असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी भांडी घासताना तीच चाल गुणगुणत होते.

गाणारी म्हणजे हात्सुने मिकु. हात्सु म्हणजे पहिला, ने म्हणजे आवाज, मिकु म्हणजे भविष्य. आणि ती बाई नाही, सॉफ्टवेअर आहे. यामाहाचं 'व्होकलॉइड' नावाचं तंत्र, त्यावर साप्पोरोच्या क्रिप्टन फ्यूचर मीडिया या कंपनीनं ३१ ऑगस्ट २००७ रोजी हिला बाजारात आणलं. मूळ आवाज साकी फुजिता या व्हॉइस अ‍ॅक्ट्रेसचा. तिच्याकडून गाणी गाऊन घेतली नाहीत, ध्वनींचे तुकडे रेकॉर्ड केले. 'क्'वरून 'आ'वर जाताना आवाज कसा वळतो, 'आ'वरून 'स्'वर येताना कसा, असे सांधे. संगीतकारानं ते घरी बसून जोडायचे. पडद्यावर डावीकडे पियानोच्या पट्ट्या, समोर चौकटी, प्रत्येक सुरावर एकेक अक्षर.

हे जपानीत सोपं जातं, कारण जपानी बहुतेक आपल्या बाराखडीसारखी चालते, व्यंजन आलं की मागून स्वर आलाच. आणि हा योगायोगही नव्हे बरं का, निदान क्रमाच्या बाबतीत. त्यांची वर्णमाला आ-इ-उ-ए-ओ, मग का-सा-ता-ना-हा-मा-या-रा-वा अशी जाते. आपलाच क्रम आहे हा. बौद्ध भिक्षूंनी संस्कृतसाठी सिद्धम् लिपी शिकली, त्या अभ्यासातून तो तिकडे रुजला. 'सा' आपल्या च-वर्गाच्या जागी बसलाय आणि 'हा' प-वर्गाच्या, कारण तो पूर्वी 'पा' होता. पहिल्या वर्षी क्लासमध्ये हे कुणी सांगितलं असतं तर माझे दोन महिने वाचले असते.

असो. मला खरं वेड लागलं ते या खटपटीचं. 'वा' हा प्रत्यय जपानीत 'हा' असा लिहितात. पण मिकुसमोर 'हा' लिहिलं तर ती इमानेइतबारे 'हा'च गाते, म्हणून मुद्दाम चुकीचं शुद्धलेखन करून 'वा' द्यावा लागतो. 'देसु'मधला 'उ' माणसं खाऊन टाकतात, ही सगळा उच्चारते, म्हणून तो हातानं दाबायचा. सूर थोडा खालून उचलायचा, शेवटी कंप किती, कुठून सुरू करायचा, सगळं रेघा ओढून. या कामाला तिकडची मंडळी 'चोक्यो' म्हणत. मूळ अर्थ जनावराला वळण लावणं! हल्ली जरा सभ्यपणे 'चोसेइ', म्हणजे आवाज लावणं, म्हणतात. चार मिनिटांच्या गाण्यासाठी रात्रीच्या रात्री जातात.

म्हणून परवा एका ग्रुपवर कुणी "हे एआयचंच आधीचं रूप ना?" असं लिहिलं तेव्हा माझं डोकं फिरलं. एक ओळ टाइप करून तयार गाणं मागणं वेगळं आणि अक्षराअक्षराला हात लावणं वेगळं. शिवाय इथे जिचा आवाज आहे तिला ठाऊक आहे, तिनं तो त्यासाठीच दिलाय. गेलेल्या गायकांच्या आवाजात आजची सिनेमाची गाणी बनवून जे आपल्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवतात, त्यांनी कुणाला विचारलं होतं? तंत्र मिकुचंही बदलतंय, नव्या आवाजांत एआय आलंय, हे खरं. पण २००७ ते साधारण २०१५ची गाणी तुम्ही त्यात ढकलू नका.

"यंत्राला भाव कुठून येणार?" हा दुसरा आक्षेप. आपल्याकडे तो पेटीवर घेऊन झालाय. मींड येत नाही, श्रुती सापडत नाहीत, परदेशी खोकं आहे, म्हणून १९४०मध्ये ऑल इंडिया रेडिओनं तिला बाहेर काढलं आणि परत घ्यायला १९७१ उजाडलं. मधल्या काळात नाट्यसंगीत पेटीवरच चाललं होतं. भाव पेटीत नसतोच, पट्टीवरच्या बोटात असतो. मिकुचंही तेच, फक्त बोट माउसवर.

आणि बोटं कुणाची? ज्यांच्याकडे गायिका नव्हती, स्टुडिओचं भाडं नव्हतं, अशा पोरांची. 'मेल्ट' र्‍यो नावाच्या एकानं डिसेंबर २००७ मध्ये निको निको दोगा या जपानी व्हिडिओ साइटवर टाकलं आणि लोक ते आपापल्या आवाजात गाऊन पुन्हा टाकू लागले. आधी यंत्रानं गायचं, मग माणसांनी तिची नक्कल करायची, असा उलटा प्रवास. 'हाची' या नावानं अशीच गाणी करणारा पोरगा पुढे योनेझु केन्शी म्हणून स्वतः गायला लागला. 'लेमन' ऐकलं असेल तर तोच. योआसोबी या जोडगोळीतला संगीतकार आयासेही याच गल्लीतून आलेला. श्रोते गाणं ओळखतात ते बनवणाऱ्याच्या नावानं. गाणारी तर सगळ्यांची एकच!

काचेवर तिची आकृती नाचवून होणाऱ्या मैफिली, हिरव्या कांड्या हलवणारी गर्दी, ते मात्र मला झेपत नाही. आणि गाण्यांतली कित्येक टुकार आहेत, हेही सांगून टाकते.

आत्या गाणं शिकवते. गणपतीत आली होती, तेव्हा तिला वोवाका या संगीतकारानं मिकुकडून गाऊन घेतलेलं 'रोलिंग गर्ल' ऐकवलं. हा वोवाका २०१९मध्ये वयाच्या अवघ्या ३१व्या वर्षी गेला. शब्द वेगात कोसळतात, आवाज उंच आणि चपटा. मला वाटलं, नाक मुरडेल. ती डोळे मिटून ऐकत राहिली आणि मग म्हणाली, "हिला श्वास कुठंय गं?"

नाहीच, म्हटलं. काही जण श्वासाचा आवाज वेगळा आणून चिकटवतात, काही जण मुद्दाम तसंच सोडतात. माणसाला न पेलणाऱ्या ओळी लिहायची मुभा मिळते.

"मग माणसं कशी गातात?"

तिला माणसानं गायलेलं ऐकवलं. तिसऱ्या ओळीला ती थांबवून म्हणाली, "हां, इथे चोरून घेतला बघ." मग पेटी पुढे ओढली, शब्द न कळता नुसती चाल शोधायला लागली. दोनदा दम तुटला. तिसऱ्यांदा म्हणाली, "परत लाव. त्या पोरीचंच लाव, माणसाचं नको."