खोटी साक्ष

गेल्या रविवारी उपासना संपल्यावर मी वेस्ट्रीत, म्हणजे चर्चमधल्या तयारीच्या खोलीत, ख्रिस्ताच्या आठवणीत पाव आणि रस घेतो त्या प्रभुभोजनाचे पेले विसळत होते. माझी चौदा वर्षांची भाची शेजारी येऊन उभी राहिली. तिनं फडकं उचललं, दोन-तीन पेले पुसले आणि हळूच विचारलं, "आत्या, कॅम्पला साक्ष द्यावीच लागते का?"

मी नळ बंद केला. हाच प्रश्न सव्वीस वर्षांपूर्वी मी कोणाला तरी विचारायला हवा होता.

दहावीची परीक्षा संपली होती. तरुण संघाचा चार दिवसांचा कॅम्प होता, घाटावर, एका जुन्या मिशन बंगल्यात. शेवटच्या रात्री शेकोटी पेटवली. सगळे गोल करून बसलो आणि प्रभूनं आपल्या जीवनात काय केलं ते एकेकानं उठून सांगायचं असं ठरलं. यालाच आम्ही साक्ष म्हणतो. एका मुलाचा टायफॉइड बरा झाला होता. एका मुलीनं आईच्या पर्समधून पैसे घेतल्याचं कबूल केलं आणि ती रडायला लागली, तशा दोघीतिघी उठून तिच्या गळ्यात पडल्या. फेरी माझ्या दिशेनं सरकत होती आणि माझे तळहात ओले झाले होते.

माझ्याजवळ सांगण्यासारखं काही नव्हतं असं नाही. त्या तिन्ही दिवशी मी पहाटे सगळ्यांच्या आधी उठून मागच्या पायरीवर बसत होते. दरीतून धुकं वर यायचं. पायरी थंडगार असायची. आणि आपल्या शेजारी कोणीतरी येऊन बसलंय, त्याला आपल्याशी बोलायची घाई नाही, असं मला अगदी स्पष्ट जाणवायचं. एवढंच. पण ते नुकतं रुजलेलं होतं, आणि रुजलेलं बी कोणी उकरून दाखवत नाही. मी म्हटलं, "मला नाही काही सांगायचं." लीडरदादा प्रेमानंच म्हणाले, "असं कसं? प्रभूनं तुझ्यासाठी काहीतरी केलंच असेल की." सगळे माझ्याकडे बघत होते. मग मी उठले आणि सांगितलं, की माझी आजी फार आजारी होती, डॉक्टरांनी आशा सोडली होती, मी रात्रभर प्रार्थना केली आणि सकाळी ती उठून बसली.

आजीला साधा तापसुद्धा आला नव्हता.

सगळे "आमेन" म्हणाले. टाळ्या झाल्या. ज्या मुली तीन दिवस माझ्याशी बोलल्या नव्हत्या त्यांनी मला मिठी मारली. दहा आज्ञांतली नववी आज्ञा आम्हाला संडे स्कूलपासून पाठ आहे: खोटी साक्ष देऊ नको. मी ती देवाच्या लोकांसमोर, देवाच्याच नावानं दिली, आणि त्याच रात्री मला सगळ्यांनी आपल्यात घेतलं. दुसऱ्या दिवशी पहाटे मी पायरीवर गेले नाही. मला जाववलं नाही.

चर्चचं नाव लिहीत नाही. हे एका मंडळीचं, म्हणजे एका चर्चच्या लोकांचं, गाऱ्हाणं नाहीच, मुंबईतल्या बऱ्याच मराठी मंडळ्यांत हे असंच चालतं. मी स्वभावानं अबोल आहे. लाजाळू म्हणतात ते वेगळं. मला माणसांची भीती वाटत नाही. पण दोन तास गर्दीत काढले की मी गळून जाते, आणि अर्धा तास एकटी बसले की हुशारी येते. देवानंच असं घडवलंय. घरात याला घुमी म्हणतात, ऑफिसात शांत म्हणतात, ते चालतं. चर्चमध्ये मात्र याचं निदान होतं. "शिष्ट झालीस काय गं?" इथून सुरुवात होते आणि "आत्म्यात थंड पडलीय" इथे संपते.

पाच-सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. ईस्टरआधीच्या उपवासकाळातली घरसभा होती, डोंबिवलीला, कोणाच्या तरी घरी जमून प्रार्थना करायची. चालवणाऱ्या भावांनी डोळे मिटता मिटता माझं नाव घेतलं, "ताई आता आपल्याला प्रार्थनेत चालवतील." मला आधी काहीच सांगितलं नव्हतं. मी तोंड उघडलं आणि शब्द येईना. पंख्याचा आवाज येत होता, स्वयंपाकघरात कोणीतरी कप मांडत होतं. अखेर त्यांनीच प्रार्थना केली आणि तिच्यात एक वाक्य घातलं, की प्रभू, आमच्यातल्या काहींची बंधनं तोड. चहाच्या वेळी एका काकूंनी मला बाजूला घेऊन विचारलं, घरात काही अडचण आहे का. काकूंच्या मनात माया होती हे मला ठाऊक आहे. पण मी त्या सबंध आठवड्यात रोज रात्री त्याच काकूंच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी प्रार्थना करत होते. ते त्यांना कसं कळणार? मी ते मोठ्यानं कधी बोललेच नव्हते.

तेव्हापासून पहिल्या शमुवेलाचा पहिला अध्याय मी पुन्हा पुन्हा वाचते. शिलोच्या मंदिरात हन्ना मनातल्या मनात प्रार्थना करतेय. ओठ हलतायत, आवाज येत नाही. आणि एली याजक, ज्याचं उभं आयुष्य लोकांच्या प्रार्थना ऐकण्यात गेलं, त्याला वाटतं की बाई दारू प्यायलीय. देवाच्या घरात मुक्यानं केलेली प्रार्थना देवाच्या माणसाला ओळखू आली नाही, हे शास्त्रात इतकं स्वच्छ लिहून ठेवलंय, तरी यावर उपदेश क्वचितच होतो. झालाच तर तो बाळ मिळाल्याच्या आनंदावर होतो. एलीची एक गोष्ट मात्र मला आवडते. हन्नानं सांगितल्यावर त्यानं ऐकून घेतलं, आपलं म्हणणं सोडलं आणि तिला शांतीनं जा म्हणाला.

साक्षीला आपल्याकडे एवढा मान का, हेही मी समजू शकते. अमेरिकन मराठी मिशन १८१३ साली मुंबईत आलं, तेव्हापासूनच्या पहिल्या काही पिढ्यांना "मी ख्रिस्ताचा झालो" हे चारचौघांत बोलण्याची जबर किंमत मोजावी लागली. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी याच मुंबईत झाला आणि त्यापायी नवरा-बायकोची काही वर्षं ताटातूट झाली. लक्ष्मीबाई पुढे स्वतःच्या वाटेनं, स्वतःच्या वेळेनं आल्या. ती खरी साक्ष. तिच्यात घर जात होतं, जात जात होती, वारसा जात होता. शेकोटीभोवती पंधरा वर्षांच्या पोरीकडून जी साक्ष नंबरवारीनं वदवून घेतो, तिला त्याच नावानं हाक मारणं हा मला त्या लोकांचा अपमान वाटतो.

आता तर आवाज आणखी वाढलाय. ड्रम आले, माइक आले. "शेजाऱ्याकडे वळा आणि त्याला सांगा" आलं. एकदा माझी एक सहकारी माझ्याबरोबर उपासनेला आली होती, नुसतं मागे बसून भजनं ऐकायला. सूचनांच्या वेळी नवीन पाहुण्यांनी उभं राहून नाव सांगायचं फर्मान निघालं. ती उभी राहिली, टाळ्या झाल्या. नंतर मी दोनदा विचारलं, ती आली नाही.

कोणी म्हणेल, मग घरीच बसावं, ऑनलाइन उपासना बघावी. नाही. मला मंडळी हवी आहे. एकत्र मिळणं सोडू नका हे इब्री लोकांस पत्रातलं वचन मला ऐकवलं जातं, पण ते मला ऐकवायची गरज नाही. मेगाब्लॉक असला तर मी कल्याणहून सकाळी साडेसहाची गाडी पकडते.

पप्पा गेले तेव्हा माझ्या हातून काहीच होत नव्हतं. चर्चमधल्या ज्या बायकांच्या आवाजानं मला थकवा येतो, त्यांनीच सगळं उचललं. एकीनं शवपेटीचं बघितलं, एकीनं शिवडीच्या दफनभूमीतली कागदपत्रं करवून घेतली, तिघींनी चाळीस माणसांचा चहा केला. तो गलका नसता तर मी त्या दिवशी कोसळले असते. हे ऋण मी जन्मभर मानीन. आणि त्याच दिवशी आमच्या चर्चची घंटा वाजवणारे म्हातारे बेलवाले काका आले, सलाम म्हणाले, माझ्याशेजारच्या खुर्चीवर तासभर बसले आणि एक शब्द न बोलता गेले. मला दोन्ही लागलं. मंडळीला गलका करणारे हात लागतात तशी गप्प बसणारी खुर्चीही लागते. पण कमिटीवर कोणाला घ्यायचं, "आत्मिक" कोणाला म्हणायचं हे ठरतं तेव्हा ती खुर्ची कोणाला आठवत नाही.

आणि आपल्याला शांतता येत नाही असंही नाही. ३१ डिसेंबरच्या रात्री आमच्याकडे बाराला पाच मिनिटं कमी असताना दिवे मंद करतात आणि सगळी मंडळी गुडघे टेकते. कोणी चालवत नाही, कोणी गात नाही. तान्ही बाळंसुद्धा कशी कोण जाणे, गप्प होतात. मग बंदरातल्या जहाजांचे भोंगे लागतात, लांबून स्टेशनातल्या गाड्यांचे, आणि आमची घंटा होते. ती पाच मिनिटं मी वर्षभर पुरवून खाते. प्रभुभोजनानंतर दर महिन्याला फक्त दोन मिनिटं तशी मिळावीत, पेटी न वाजवता, एवढं मी पाळकसाहेबांना चिठ्ठी लिहून कळवलंय. प्रार्थनेत कोणाला चालवायला सांगायचं असेल तर आदल्या दिवशी फोन करावा, हेही. त्यांनी चिठ्ठी बायबलमध्ये ठेवली. बघू.

माझी सेवा विचाराल तर ती पेल्यांची. शनिवारी रात्री काळ्या मनुका उकळून गाळून रस करायचा. रविवारी आठच्या आत वेस्ट्रीत पोचायचं, पावाच्या कडा काढून चौकोनी तुकडे करायचे, ट्रेच्या एकेका भोकात एकेक पेला बसवायचा आणि छोट्या किटलीनं पाऊण पेल्यापर्यंत रस ओतायचा. काठोकाठ भरला तर म्हाताऱ्या माणसांच्या थरथरत्या हातातून सांडतो. मोठा ट्रे चाळीस पेल्यांचा. प्रत्येक पेला भरताना मी एका माणसाचं नाव मनात घेते. कोण कुठल्या बाकावर बसतं, कोण आजारी आहे, कोणाचा मुलगा घर सोडून गेलाय, सगळं मला माहीत असतं. ओठ हलतात, आवाज येत नाही.

तर भाचीचा प्रश्न. मी तिला शेकोटीची गोष्ट सांगितली, आजीच्या आजारासकट. घरातल्या कोणाला ती आजवर ठाऊक नव्हती. तिनं सगळं ऐकलं, उरलेले पेले पुसून पालथे घातले आणि म्हणाली, "मला कॅम्पला जायचंय पण."

फॉर्म शनिवारपर्यंत द्यायचा आहे. "विशेष सूचना" असा एक रकाना असतो, त्यात पालक दम्याचं, अ‍ॅलर्जीचं लिहितात. भावाची परवानगी घेऊन मी लिहिलंय: "साक्ष द्यायला हिचं नाव पुकारू नये. हिला बोलायचं असेल तेव्हा ही स्वतः हात वर करील. पहाटे लवकर उठून एकटी बाहेर बसलेली दिसली, तर कृपया बसू द्यावं."