हत्याराचं हत्यार

जुन्या फोर बाय फोर ट्रकच्या ब्रेकसाठी खास हत्यारं मिळतात, नाही असं नाही. पण ती ज्याला परवडतात त्याच्याकडे जुना ट्रक नसतो. आमच्यासारख्यांनी ती घरी घडवायची असतात.

माझ्या ट्रकची पुढची ब्रेक डिस्क हबच्या, म्हणजे चाकाच्या तुंब्याच्या, पाठीमागे बोल्टांनी आवळलेली आहे. म्हणजे डिस्क बदलायची तर हब काढा, आणि हब काढायचा तर बेअरिंगचे नट सोडा. हे नट 54 मिलिमीटरचे, एकावर एक दोन, मध्ये कडा दुमडलेला पत्र्याचा लॉक वॉशर, आणि हा सगळा संसार हबच्या पोटात इतका खोल की नेहमीचा पाना आत शिरतच नाही. आधीच्या मेकॅनिक मंडळींनी इथे छिन्नी-हातोडा चालवला होता. नटांच्या कडांवर त्यांच्या सह्या अजून आहेत.

मी सुसंस्कृत मार्ग धरला. जाड लोखंडी नळी घ्यायची, तिचं तोंड लालभडक तापवायचं, नटावर चढवून ठोकायचं. नळी नटाचा आकार घेते. दुसऱ्या टोकाला आडवा दांडा जाईल एवढं भोक. कागदावर योजना निर्दोष होती. अडचण एवढीच, की साचा म्हणून हवा असलेला नट हबच्या आत होता आणि तो बाहेर काढायला ही नळी हवी होती.

मग जाड पट्टीतून खोटा नट कापायला घेतला. षटकोन सोपा, असं ज्यांनी तो फक्त कंपासनं वहीत काढलाय त्यांना वाटतं. कानशीनं एक बाजू सरळ केली की समोरची तिरकी दिसू लागते. तिची समजूत घालावी तर पहिली रुसते. इकडे 54चे 53 होतील या धास्तीनं दर चार हातांमागे व्हर्नियर लावायचा. शेजारचे काका कुंपणावरून डोकावले.

"ब्रेकचं काम कुठवर आलं?"

मी खोटा नट वर धरला.

"हा ब्रेकमधला?"

"नाही. ब्रेकसाठी जे हत्यार करायचंय, त्याचा हा साचा."

काका गप्प झाले. आदरानं की दयेनं, ते कळलं नाही.

पण नळी बसली! दांड्यावर भार टाकला, 'कड्' असा आवाज झाला आणि नट फिरला. मी तो पुन्हा आवळला आणि पुन्हा सोडला. गरज नव्हती.

मागचे ड्रम त्या मानानं सज्जन. त्यांना मुद्दाम आटे पाडलेली भोकं आहेत. त्यांत 8 मिलिमीटरचे बोल्ट आळीपाळीनं आवळले की गंजून चिकटलेला ड्रम मुकाट बाहेर सरकतो. आतली धूळ तेवढी फुंकायची नाही, जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्यानं पुसायची. त्यानंतर मात्र ड्रमला आतून घासणारे ब्रेक शू मागे ओढणाऱ्या रिटर्न स्प्रिंगा. या ताणायला एका पेचकसाचं टोक वाकवून आकडा केला. अ‍ॅडजस्टरचं दातेरी चाक मागच्या खाचेतून फिरवायला दुसरा पेचकस चपटा करून वाकवला. स्प्रिंगची टोपी दाबून फिरवायला तिसऱ्याच्या टोकाला खाच पाडली.

शेवटी ब्रेक ऑइलच्या लाइनमधली हवा काढणं. मी ट्रकखाली हवा सोडायच्या निपलपाशी, सौभाग्यवती पेडलवर.

"दाब!"

"दाबलं."

"सोडतो!"

निपल उघडलं आणि तेवढ्यात वर पेडलही उठलं. जी हवा काढायची होती ती दुपटीनं आत गेली.

"अगं, सोडलंस कशाला?"

"अहो, तुम्हीच म्हणालात, सोड तो!"

यानंतर मी एकट्यानं हवा काढायचं यंत्र बनवलं: बाटली, झाकणाला दोन भोकं, एकातून पारदर्शक नळी. नळीचं टोक ब्रेक ऑइलमध्ये बुडालेलं असलं म्हणजे झालं. संसाराला याहून उपकारक हत्यार माझ्या हातून घडलेलं नाही. तरी मागच्या चाकांना दाब पुरेना. चेसिसखाली टेकूच्या घोड्या लावल्यामुळे मागचा ॲक्सल लोंबत होता आणि तिथला लोड व्हॉल्व्ह, म्हणजे ट्रकमधल्या वजनानुसार मागचा दाब कमी-जास्त करणारा, ट्रक रिकामा आहे अशा समजुतीत मागचा दाब तोडत होता. त्याचा दांडा तारेनं वर बांधून त्याला भरल्या ट्रकचा भास करून दिला. तारही हत्यारांच्या पेटीत ठेवली आहे. घोड्या मात्र विकतच्याच. ज्याच्या खाली स्वतः झोपायचं ते घरी घडवू नये एवढी अक्कल आहे.

ब्रेक उत्तम लागतात. परवा काका आले. त्यांच्या दाराच्या बिजागरीचा स्क्रू ढिला झाला होता, साधा पेचकस हवा होता. मी पेटी उघडून पुढे केली. त्यांनी आकड्याचा उचलून पाहिला, मग चपटा, मग खाचेचा.

"सरळ एकही नाही का हो?"

"थांबा," मी म्हटलं, "करून देतो," आणि ग्राइंडरची वायर उलगडायला घेतली.