खुलासा : डुकरांना खरकटे घालण्याविषयीचा संदेश

‘दोन-चार डुकरे घरापुरती पाळणाऱ्यांना कोणताही नियम लागू नाही आणि मीठ लावलेले किंवा गोठवलेले मांस खरकट्यात असले तरी रोगाची भीती नसते,’ असा संदेश सध्या फिरत आहे. त्यातील दोन्ही विधाने चुकीची आहेत.

आफ्रिकन स्वाइन फिव्हरचा विषाणू खारवलेल्या आणि गोठवलेल्या मांसात कित्येक महिने टिकून राहतो. हा रोग माणसाला होत नाही हे खरे. परंतु डुकरांत मरतूक फार मोठी होते आणि त्यावर औषध नाही. जागतिक पशुआरोग्य संघटनेच्या निकषानुसार खरकटे सतत ढवळत किमान ९० अंश सेल्सिअसला ६० मिनिटे तापवावे लागते. नुसती एक उकळी पुरत नाही, कारण पातेल्यात तळाशी बसलेले हाडाजवळचे जाड मांस आतून थंडच राहिलेले असते.

नियमांचे म्हणाल, तर ब्रिटनमध्ये २००१ साली लाळ्या-खुरकूताच्या साथीचे मूळ न उकळलेल्या खरकट्यात असल्याचा निष्कर्ष निघाला, ६० लाखांहून अधिक जनावरे मारावी लागली आणि खरकटे घालण्यावर बंदी आली. ती बंदी घरी एकच डुक्कर पाळणाऱ्यालाही लागू आहे. अनेक देशांत असेच आहे. म्हणून आपल्या भागातील नियम पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना आधी विचारावा. स्वयंपाकघरात न गेलेला, थेट मळ्यातून आणलेला भाजीपाला त्या मानाने पुष्कळ सुरक्षित असतो.

कृपया तो संदेश पुढे पाठवू नये, आणि आधीच पाठवला असल्यास त्याच गटात हा खुलासा टाकावा.