इश्तारच्या नावाने फोडलेली अंडी

ईस्टरच्या आदल्या दिवशी, पवित्र शनिवारी सकाळी वसईहून मावशीचा फोन आला. चौऱ्याहत्तर वर्षांची ही बाई दरवर्षी त्या दिवशी कांद्याच्या साली पातेल्यात उकळत ठेवते, त्या पाण्यात अंडी सोडते आणि ती विटकरी तांबडी झाली की वरून खोबरेल तेलाचा हात फिरवून टोपलीत रचते. रात्रीच्या मिस्सेनंतर, म्हणजे चर्चमधल्या उपासनेनंतर, घरातल्या पोरांना त्यातले एकेक मिळते. या वेळी मात्र पातेले गॅसवर चढलेच नव्हते. "आपण इतकी वर्षे कुठल्या भलत्याच देवीचा सण पाळत होतो का रे?" असे तिने विचारले आणि मागोमाग तिच्या प्रार्थनागटावर आलेला संदेश मला पाठवला.

संदेशाचा सारांश असा. ईस्टर हे बॅबिलोनच्या इश्तार देवीचेच नाव असून दोहोंचा उच्चारही एकच आहे. अंडी आणि ससा ही त्या देवीची, म्हणजे प्रजननाची, चिन्हे आहेत. चौथ्या शतकात सम्राट कॉन्स्टंटाइनने तिचा सण ख्रिस्ती लोकांच्या गळ्यात बांधला. ईस्टरपूर्वीचा चाळीस दिवसांचा उपवास हा मुळात तिचा प्रियकर तम्मुझ याच्यासाठीचा शोक आहे. सणाची तारीख चंद्रावरून ठरते यातच सगळे आले. आणि म्हणून खऱ्या भाविकाने अंडी रंगवण्याचे पाप करू नये. शेवटी अर्थातच दहा जणांना पाठवण्याची आज्ञा आहे.

हाच मजकूर नास्तिकही तितक्याच आनंदाने फिरवतात. २०१३ च्या ईस्टरला रिचर्ड डॉकिन्स यांच्या प्रतिष्ठानाच्या फेसबुक पानावरून इश्तारच्या चित्रासह तो प्रसिद्ध झाला आणि तिथून जगभर गेला. परंतु त्याचे मूळ विज्ञाननिष्ठांकडे नाही, एका पाळकाकडे आहे. अलेक्झांडर हिस्लॉप नावाच्या स्कॉटिश धर्मोपदेशकाने १८५३ मध्ये एक पुस्तिका काढली आणि १८५८ मध्ये ती वाढवून तिचे जाड पुस्तक केले. कॅथलिक चर्चचा प्रत्येक विधी बॅबिलोनमधून आलेला आहे, हे सिद्ध करणे एवढाच त्याचा उद्देश होता. इराकमधल्या निनवे या प्राचीन शहराच्या उत्खननातून इश्तार हे नाव त्या काळात नुकतेच युरोपात पोहोचले होते. ते इंग्रजी 'ईस्टर'सारखे ऐकू आले आणि एवढ्यावर हिस्लॉपने नाते जुळवून टाकले. बॅबिलोनची कीलाक्षर लिपी खरोखर वाचता येते की नाही, याची परीक्षा लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीने १८५७ मध्ये घेतली. चार विद्वानांनी एकाच लेखाची स्वतंत्र भाषांतरे केली आणि ती जुळली तेव्हा कुठे लोकांचा विश्वास बसला. म्हणजे ज्या संस्कृतीचे वाचन अजून शंकास्पद होते, तिच्या नावावर पाळकबुवांनी सण आधीच चढवून ठेवला होता.

आता नावाचेच पाहू, कारण संदेशाचा सगळा डोलारा त्यावर उभा आहे. 'ईस्टर' हा शब्द इंग्रजीचा आहे. जर्मनमध्ये त्याचा भाऊबंद 'ओस्टर्न' आहे, आणि हा प्रकार जवळजवळ तिथेच संपतो. ज्या ग्रीक भाषेत हा सण प्रथम लिहिला गेला तिच्यात तो 'पास्खा' आहे, लॅटिनमध्येही तेच, पोर्तुगीजमध्ये 'पाश्कोआ', स्पॅनिशमध्ये 'पास्क्वा', फ्रेंचमध्ये 'पाक', गोव्याच्या कोंकणीत 'पास्कांचें फेस्त'. हे सारे शब्द हिब्रू 'पेसाह'पासून आले आहेत, आणि पेसाह म्हणजे मिसरच्या (इजिप्तच्या) गुलामीतून सुटल्याचा यहुद्यांचा सण. मराठी बायबलने तर त्याला उसना शब्दही घेतला नाही. ओलांडून जाणे या अर्थाचा 'वल्हांडण' हा अस्सल मराठी शब्द त्याने दिला. येशूला वधस्तंभावर खिळले ते वल्हांडणाच्या दिवसांत, म्हणून त्याच्या पुनरुत्थानाच्या सणाला वल्हांडणाचेच नाव मिळाले. स्वतः मावशी जन्मभर 'पुनरुत्थानाचा सण' म्हणत आली आहे. 'ईस्टर' तिच्या तोंडी येतो तो फक्त 'हॅपी'च्या मागे. बॅबिलोनची देवी दोन हजार वर्षे लपून बसली, ग्रीक, रोमन, सिरियन, पोर्तुगीज अशा कोणालाही दिसली नाही आणि थेट इंग्रजांच्या जिभेवर प्रकटली, असे मानायचे असेल तर माझा नाइलाज आहे.

मग इंग्रजी शब्द आला कुठून? इथे एकच साक्षीदार आहे, पण भक्कम आहे. बीड (आपल्या जिल्ह्याशी त्याचा संबंध नाही) हा उत्तर इंग्लंडमधल्या नॉर्थम्ब्रिया राज्यातला मठवासी साधू इ.स. ७२५ च्या सुमारास कालगणनेवर ग्रंथ लिहीत होता. त्यात इंग्रजांच्या जुन्या महिन्यांची नावे समजावून देताना तो सांगतो की, एप्रिलच्या सुमारास येणाऱ्या महिन्याला 'एओस्तुरमोनाथ' म्हणत असत; एओस्त्रे नावाच्या देवीसाठी पूर्वी त्या महिन्यात उत्सव होत, त्यावरून ते नाव पडले होते; आणि आता लोक पास्काच्या सणालाच त्या नावाने ओळखतात. अंडी, ससा, विधी, देऊळ यांबद्दल तो चकार शब्द काढत नाही, आणि बॅबिलोन तर त्याच्या पानावर फिरकतही नाही.

म्हणजे देवीचे नाव महिन्याला आणि महिन्याचे नाव सणाला, असा हा प्रवास आहे. आपल्याला तो नवा वाटू नये. आषाढा नक्षत्रावरून आषाढ महिना झाला आणि महिन्यावरून आषाढी झाली. म्हणून पंढरपूरला निघालेला वारकरी नक्षत्राची पूजा करायला चालला आहे, असे कोणी शहाणा म्हणत नाही.

इथे अर्धे सत्य कबूल करणे भाग आहे, जरी ते या संदेशाला फुकट द्यायला जिवावर येत असले तरी. इंग्रजी नावामागे एखादी ख्रिस्तपूर्व देवी असू शकते. बीडने ती मनानेच रचली, असे काही अभ्यासक म्हणत. पण १९५८ मध्ये जर्मनीत ऱ्हाइन नदीच्या परिसरात रोमन काळातील दीडशेहून अधिक शिलालेख सापडले, ते 'आउस्त्रियाहेनाए' या मिळत्याजुळत्या नावाच्या मातृदेवतांना वाहिलेले आहेत, आणि त्यामुळे बीडचे पारडे जड झाले. परंतु ही देवी इश्तार नव्हे. 'ईस्टर'चे मूळ पहाट आणि पूर्व दिशा या अर्थाच्या धातूत आहे, आणि त्याच मुळापासून ग्रीक 'एओस' व ऋग्वेदातली 'उषस्' आली आहे. इश्तार हे नाव सेमिटिक भाषाकुळातले आहे. नात्यागोत्याचाच हिशेब करायचा तर ईस्टर उषेची दूरची चुलतबहीण लागते आणि इश्तार कोणीच लागत नाही. यावरून उद्या 'ईस्टर मुळात वैदिक' असा संदेश निघू नये एवढीच माझी विनंती आहे.

चिन्हांच्या मुद्द्यावर मात्र माझा संयम सुटतो. इश्तारची चिन्हे हजारो मुद्रांवर आणि शिल्पांवर कोरलेली आहेत, ती कोणालाही पाहता येतात: आठ टोकांचा तारा आणि सिंह. ती शुक्राची, प्रणयाची आणि युद्धाची देवता होती. बॅबिलोनच्या इश्तार दरवाजाचा पुनर्रचित भाग बर्लिनच्या पेर्गामोन संग्रहालयात आहे. निळ्या झिलईच्या विटांवर तिथे बैल आणि सर्पमुखी प्राणी आहेत, त्याच्याकडे जाणाऱ्या मिरवणुकीच्या मार्गावर सिंह आहेत, आणि ससा एकही नाही. सिंहावर पाय देऊन उभ्या राहणाऱ्या रणचंडीच्या हाती सशाचे पिल्लू देणाऱ्याने तिचे एकही चित्र पाहिलेले नाही, एवढे खात्रीने म्हणता येते.

अंड्याबाबत हिस्लॉपने एक आधार दिला होता, तोही सांगून टाकतो. हायजिनस या लॅटिन लेखकाच्या नावावर असलेल्या पुराणकथासंग्रहात अशी कथा आहे की, आकाशातून एक अंडे युफ्रेटिस नदीत पडले, माशांनी ते काठावर ढकलले, कबुतरांनी ते उबवले आणि त्यातून व्हीनस निघाली, जिला पुढे सिरियन देवी म्हणू लागले. कथा खरोखरच आहे. पण ती रोमन लेखकाची आहे, सिरियाच्या देवीची आहे, तिच्यात रंगवलेले अंडे नाही, सण नाही आणि ससा तर नाहीच.

मावशीच्या टोपलीतल्या अंड्यांचे कारण याहून फार साधे, स्वयंपाकघरातले आहे. मध्ययुगीन युरोपात चाळीस दिवसांच्या उपवासात मांसाबरोबर अंडीही वर्ज्य होती. ती गोष्ट कोंबड्यांना कोणी सांगितलेली नव्हती. त्या घालत राहिल्या, अंडी साठत गेली आणि उपवास सुटला त्या दिवशी ती उकडून, रंगवून वाटली गेली. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याच्या १२९० च्या घरखर्चात साडेचारशे अंड्यांसाठी अठरा पेनी खर्ची पडल्याची नोंद आहे. त्यांतली काही रंगवून आणि काही सोन्याचा वर्ख लावून वाटण्यात आली होती. पूर्वेकडील ख्रिस्ती लोक ती तांबडी रंगवतात आणि तो रंग ख्रिस्ताच्या रक्ताचा मानतात. ससा याहून कितीतरी नवा आहे. गेओर्ग फ्रांक फोन फ्रांकेनाउ या जर्मन वैद्याने १६८२ मध्ये अंडी घालून बागेत लपवणाऱ्या ईस्टरच्या सशाची गोष्ट प्रथम लिहून ठेवली आणि त्याच लेखात फार अंडी खाल्ल्याने होणाऱ्या विकारांचा इशाराही दिला. हा ससा एओस्त्रे देवीचा असावा, हा तर्क एकोणिसाव्या शतकातल्या जर्मन पंडितांचा आहे. फ्रायच्या कारखान्याने १८७३ मध्ये आणि कॅडबरीने १८७५ मध्ये चॉकलेटची अंडी काढली. दुकानातल्या सोनेरी कागदाच्या सशाचा पुनरुत्थानाशी काही संबंध नाही, हे मला पूर्ण मान्य आहे. तो ससा कोणाला नको असेल तर त्याने खुशाल घेऊ नये.

उरलेले मुद्दे लवकर आटोपतात. कॉन्स्टंटाइनचा जन्म इ.स. २७२ च्या सुमाराचा. त्याच्या शंभराहून अधिक वर्षे आधी, इ.स. १५५ च्या आसपास, स्मर्नाचे बिशप पॉलिकार्प रोमला जाऊन तिथल्या बिशपांशी पास्का कोणत्या दिवशी पाळावा यावर चर्चा करत होते, आणि सार्दिसचे बिशप मेलितो यांचे पास्कावरचे प्रवचन त्याच शतकातले आहे. कॉन्स्टंटाइनने बोलावलेल्या बिशपांच्या ३२५ च्या निकीया परिषदेने सण निर्माण केला नाही, सर्वांनी तो एकाच रविवारी पाळावा एवढेच ठरवले. तम्मुझसाठी बायका रडत असत हे बायबलच्या यहेज्केल पुस्तकातही आहे, पण तो शोक त्याच्याच नावाच्या महिन्यात, म्हणजे जून-जुलैच्या उन्हाळ्यात होत असे, आणि ख्रिस्ती उपवास येशूच्या अरण्यातल्या चाळीस दिवसांवर बेतलेला आहे. राहिला चंद्र. वल्हांडण यहुद्यांच्या निसान महिन्याच्या पौर्णिमेला येतो, आणि त्यांच्याकडेही आपल्यासारखा अधिक मास असतो; त्याच हिशेबातून २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा रविवार हा नियम आला. २०२६ ची हनुमान जयंती २ एप्रिलची आणि ईस्टर ५ एप्रिलचा, ते याचमुळे. ज्यांच्या घरात कालनिर्णय टांगलेले आहे त्यांनी तरी तिथीवरून येणाऱ्या सणाला नावे ठेवू नयेत.

हे सगळे वाचण्याची कोणाला गरज पडू नये इतकी उघड गोष्ट त्या रात्रीच्या मिस्सेतच आहे. चर्चमधले सगळे दिवे मालवले जातात, बाहेर अंगणात नवा अग्नी पेटवतात, त्यावर पास्काची मोठी मेणबत्ती लावतात आणि तिच्यावरून एकेकाची मेणबत्ती पेटत जाते. पुठ्ठ्याच्या चकतीतून ओघळलेले मेण दरवर्षी माझ्या अंगठ्यावर पडते. मग अंधुक उजेडात जुन्या करारातले उतारे वाचले जातात. वेळ कमी असेल तर त्यांतले काही गाळायची मुभा आहे, पण निर्गम पुस्तकातला इस्राएल लोकांनी समुद्र ओलांडल्याचा उतारा कधीही गाळता येत नाही. वल्हांडण आठवण ठेवतो तो याच सुटकेची.

मावशीला मी फोनवर यातले निम्मेच सांगितले, कारण आषाढीचा दाखला ऐकल्यावर तिने मला थांबवले आणि सकाळी कांद्याच्या साली ओल्या कचऱ्यात टाकून दिल्याबद्दल स्वतःलाच बोल लावला. कोपऱ्यावरच्या कांदे-बटाटेवाल्याने गोणपाटाच्या तळाशी उरलेल्या साली तिला पिशवीभर फुकट दिल्या. वेळ कमी पडल्यामुळे या वर्षी अंडी जरा फिकी निघाली.